दारू पूर्ण बंद की मोजून? उपचाराचे ध्येय ठरवताना

दारू पूर्ण सोडायची की मोजून घ्यायची, हा प्रश्न घेऊन जो माणूस येतो त्याला मी आधी वेगळाच प्रश्न विचारतो: दारूशिवाय गेलेला शेवटचा पूर्ण दिवस कोणता, आणि त्या दिवशी शरीराने काय केले? सकाळी हात थरथरणे, घाम सुटणे, मळमळणे, छातीत धडधडणे, रात्रभर डोळ्याला डोळा न लागणे आणि एक घोट घेताच हे सारे निवणे, ही शरीर दारूवर अवलंबून झाल्याची खूण आहे. अशा माणसाने घरच्या घरी ‘आजपासून बंद’ असे ठरवू नये. शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत कंप सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होऊन नसलेली माणसे व किडे दिसू लागतात, दिवसरात्रीचे भान सुटते. कोकणात अशा वेळी ‘बाहेरची बाधा’ समजून आधी गाऱ्हाणे घातले जाते आणि त्यात मोलाचे तास जातात. गाऱ्हाणे घालायचे असेल तर अवश्य घालावे, परंतु माणसाला आधी रुग्णालयात न्यावे, कारण ही अवस्था उपचाराविना जीवघेणी ठरू शकते आणि वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक जण तीतून सुखरूप बाहेर येतात.

आपल्याकडे हा धोका दोन प्रसंगी हमखास उभा राहतो. एक, गटारीला भरपूर पिऊन दुसऱ्या दिवशी श्रावण पाळायला घेणारा रोजचा पिणारा. दुसरा, आठ-दहा दिवसांसाठी खोल समुद्रात जाणाऱ्या बोटीवर चढलेला खलाशी, ज्याला किनारा दिसेनासा झाल्यावर दुसऱ्या दिवशी फिट येते आणि जवळ डॉक्टर नसतो. शरीर अवलंबून झालेल्याने दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने सोडावी. त्यात ‘ब१’ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, आवर्जून दिले जाते, कारण त्याच्या कमतरतेने मेंदूला कायमची इजा होऊ शकते. अशक्तपणा आला म्हणून कोणी नुसते ग्लुकोजचे सलाईन लावायला सांगितले, तर रुग्ण रोज पिणारा आहे ही गोष्ट डॉक्टरांना लपवाछपवी न करता सांगावी. थायामिन त्या ग्लुकोजच्या आधी किंवा निदान सोबत जाणे महत्त्वाचे असते.

एवढी खातरजमा झाल्यावरच ध्येयाची चर्चा करण्यात अर्थ आहे.

आधी खरे माप

‘थोडीशी घेतो’ हे माप नव्हे. उपचारात एक माप साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोलचे धरतात आणि आपल्याकडच्या व्हिस्की-रमचा ३० मिलिलिटरचा लहान पेग म्हणजे जवळजवळ तेवढेच. या हिशेबाने नाईन्टी (९० मिलिलिटर) म्हणजे तीन मापे आणि क्वार्टर (१८० मिलिलिटर) म्हणजे सहा मापे होतात. ६५० मिलिलिटरची साधी, पाच टक्क्यांची बीअर अडीच मापांची असते, पण आठ टक्क्यांची स्ट्राँग बीअर चार मापांची होते. म्हणूनच ‘मी दारू सोडून बीअरवर आलोय’ असे सांगणाऱ्या माणसाने दोन स्ट्राँग बाटल्या घेतल्या, तर तो क्वार्टरच्याही पुढे गेलेला असतो.

माडीचे माप मात्र असे बांधून देता येत नाही. झाडावरून उतरवलेला ताजा रस गोड असतो, तो जसजसा आंबत जातो तसतसा चढत जातो, त्यामुळे सकाळचा ग्लास आणि संध्याकाळचा ग्लास एक नसतो. काजूच्या हंगामात दोडामार्ग-सावंतवाडीकडे मिळणारा उर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू, फेणीपेक्षा बराच सौम्य असतो, पण सौम्य म्हणून तो पाण्यासारखा प्यायला जातो, आणि घरगुती भट्टीच्या मालाची तीव्रता तर कोणालाच सांगता येत नाही. मोजून पिण्याचे ध्येय ज्याला ठेवायचे आहे त्याने न मोजता येणारी दारू पहिल्याच दिवशी बाजूला ठेवली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दोन आठवडे एका वहीत रोजचा हिशेब लिहावा: काय, किती, कुठे, कोणाबरोबर आणि त्याआधी मनात काय चालले होते. नोंद पिण्याआधी करावी. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेली नोंद नेहमी कमी भरते, आणि त्यात लबाडीपेक्षा विसरण्याचाच भाग अधिक असतो.

त्याचबरोबर जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी आरोग्य कर्मचाऱ्याकडून करून घ्यावी. तिचे गुण ० ते ४० असे असतात. ८ ते १५ गुण म्हणजे पिणे धोक्याच्या पातळीवर, १६ ते १९ म्हणजे नुकसान करू लागलेले, आणि २० किंवा अधिक म्हणजे अवलंबित्वाची दाट शक्यता. हा आकडा निकाल नव्हे, पण ‘मी काही रोज पडत नाही रस्त्यात’ या वाक्यापेक्षा तो कितीतरी विश्वासार्ह आहे.

कोणासाठी पूर्ण बंद हाच मार्ग

काही ठिकाणी निवडीला जागा नसते आणि तिथे ती आहे असा भास निर्माण करणे ही उपचार करणाऱ्याची चूक ठरते. यकृताचा सिरॉसिस, दारूमुळे झालेली कावीळ, स्वादुपिंडाला आलेली सूज, पूर्वी दारू सोडताना आलेली फिट किंवा भ्रम, गर्भारपण, गंभीर मानसिक आजार, यांपैकी काहीही असेल तर ध्येय एकच: एक थेंबही नाही. क्षयरोगाच्या काही गोळ्या यकृतावर ताण देतात, त्यामुळे तो उपचार चालू असतानाही दारू पूर्ण बंद हवी, आणि झोपेच्या गोळ्यांबरोबर दारू घेतल्यास श्वास मंदावण्याचा धोका असतो. ज्याच्या हाताला सकाळी कंप येतो, ज्याचे अवलंबित्व वर्षानुवर्षांचे आहे, त्यालाही पूर्ण बंदच सुचवावे. गर्भवती स्त्रीचा उल्लेख मी मुद्दाम केला. बायका पीत नाहीत असे धरून त्यांना हा प्रश्न विचारलाच जात नाही, आणि पिणारी बाई मग लाजेपोटी उपचाराच्या दारापर्यंत येत नाही.

आणखी एक कसोटी आहे, जी कोणत्याही तपासणीत दिसत नाही: मोजून पिण्याचा प्रयत्न यापूर्वी किती वेळा झाला? फक्त शनिवारी, फक्त बीअर, फक्त घरी, फक्त आठनंतर, असे नियम ज्याने पाच-सहा वेळा मनापासून केले आणि दर वेळी दोन महिन्यांत जुन्या मापावर आला, त्याच्याकडे पुरावा आधीच जमा झालेला आहे. त्याला सातवा नियम नको आहे. अशांपैकी कित्येकांनी मला पुढे सांगितले की पूर्ण बंद करणे मोजण्यापेक्षा सोपे गेले, कारण रोज संध्याकाळी मनाशी चालणारी घासाघीस संपली.

मोजून पिणे कोणाला जमू शकते

याविषयी वैद्यकात मोठा वाद झालेला आहे, आणि त्याची सुरुवात समजून घेण्यासारखी आहे. १९६२ मध्ये डी. एल. डेव्हिस या डॉक्टरांनी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातील ९३ रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला, आणि त्यांतले ७ जण पुन्हा सामान्य माणसांसारखे बेताने पीत असल्याचे लिहिले. ‘एकदा व्यसनी तो पुन्हा बेताने पिऊच शकत नाही’ या समजुतीला तो धक्का होता. परंतु ग्रिफिथ एडवर्ड्स या मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच सात जणांचा पुन्हा शोध घेऊन १९८५ मध्ये जे मांडले त्यात चित्र पालटले: पाच जणांचे पिणे डेव्हिस यांच्या पाठपुराव्याच्या काळातही आणि त्यानंतरही त्रासाचेच राहिलेले होते. उरलेल्या दोघांचे बरे चालले होते, पण त्यांतला एक मुळात फारसा अवलंबून झालेलाच नव्हता. मला या कहाणीतून दोन्ही बाजू दिसतात. बेताने पिणे कोणालाच जमत नाही असे म्हणणे खोटे आहे. आणि ज्याला ते जमते तो बहुधा फार दूर गेलेला नसतो, हेही तितकेच खरे आहे.

इंग्लंडमध्ये उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेची २०११ ची मार्गदर्शक सूचना याच दिशेची आहे. पिणे नुकसानकारक असले तरी अवलंबित्व नाही किंवा सौम्य आहे, शरीराचा वा मनाचा मोठा आजार नाही, आणि घरच्यांचा-मित्रांचा पुरेसा आधार आहे, अशा व्यक्तीसाठी मर्यादित पिण्याचे ध्येय विचारात घ्यावे, आणि अवलंबून झालेल्या बहुतेकांसाठी पूर्ण बंद हेच ध्येय योग्य, असे ती सांगते. ‘आधार’ हा शब्द कोकणात वाडीपर्यंत नेऊन तपासावा लागतो. ज्याचे सारे मित्र संध्याकाळी बंदराच्या भिंतीवर बाटली घेऊनच भेटतात, त्याच्याजवळ माणसे पुष्कळ आहेत, आधार मात्र नाही.

मर्यादा म्हणजे किती, हेही आधीच कळलेले बरे. ब्रिटनमध्ये कमी जोखमीची म्हणून जी मर्यादा सांगितली जाते ती आठवड्याला त्यांच्या १४ युनिटांची, आणि त्यांचे युनिट ८ ग्रॅमचे, म्हणजे एकूण ११२ ग्रॅम. आपल्या भाषेत सांगायचे तर संपूर्ण आठवड्यात दोन क्वार्टरहूनही कमी, आणि तीही एका रात्रीत नव्हे तर तीन किंवा अधिक दिवसांत विभागून. हा आकडा ऐकल्यावर अनेक जण गप्प होतात आणि काही जण स्वतःहून म्हणतात की मग पूर्णच सोडतो. शिवाय ही मर्यादा निर्धोक नव्हे. दारूच्या कोणत्याही प्रमाणाला आरोग्याच्या दृष्टीने सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, आणि दारू १९८८ पासून कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांच्याविषयी पुरावा पक्का आहे अशांत, मोडते.

महिनाभर बंद ठेवून पाहणे

निर्णय होत नसेल तेव्हा मी एक महिना पूर्ण बंद ठेवायला सांगतो, अर्थात शरीर अवलंबून नसेल तर, किंवा असेल तर वैद्यकीय देखरेखीनंतर. महिनाभरात झोप पूर्ववत होऊ लागते, रक्तदाब उतरू शकतो, यकृताच्या चाचणीतले वाढलेले आकडे खाली येऊ लागतात, आणि मुख्य म्हणजे निर्णय घेणारे डोके दारूत नसते. महिन्याच्या आधी आणि नंतर तपासणी केल्यास कागदावरचा फरक माणसाला स्वतःला वाचता येतो.

‘मी दर वर्षी श्रावण पाळतो, मग माझा ताबा आहेच की,’ हा युक्तिवाद मी शेकडो वेळा ऐकला आहे आणि तो प्रामाणिकपणे केलेला असतो. परंतु श्रावणात घरात मासे शिजत नाहीत, मित्रही पीत नाहीत, देवाची भीती असते आणि शेवटची तारीख ठाऊक असते. म्हणजे ताबा पुष्कळसा महिन्याचा असतो, माणसाचा थोडा. त्याऐवजी श्रावण संपल्यानंतरचे पंधरा दिवस पाहावेत. तिथे माप जागेवर राहिले तर मर्यादेच्या ध्येयाला काही पाया आहे. पहिल्याच आठवड्यात महिन्याभराची भरपाई झाली तर नाही. मच्छीमारांच्या बाबतीत १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळाकडे असेच लक्ष द्यावे, कारण हातात काम नसलेले दोन महिने माणसाचे खरे माप दाखवतात.

ध्येय लिहावे कसे

‘कमी करीन’ हे ध्येय नव्हे. मर्यादेचे ध्येय असेल तर एका दिवशी जास्तीत जास्त किती मापे, आठवड्यात किती दिवस पूर्ण कोरडे, कोणत्या जागी आणि कोणाबरोबर मुळीच नाही, हे आकड्यांत लिहावे. घरात साठा ठेवू नये, जेवल्यावाचून पिऊ नये, एकट्याने पिऊ नये, राग किंवा भांडण झालेल्या दिवशी पिऊ नये. होडीवर जाण्याआधी आणि गाडी हाती घेण्याआधी तर शून्यच. मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही सीमा असली, तरी घाटातली वळणे ती सीमा ओळखत नाहीत. कागदाची एक प्रत घरातल्या अशा माणसाकडे द्यावी ज्याच्याशी खोटे बोलणे जड जाते.

त्याच कागदावर फेरविचाराची तारीख लिहावी. मी तीन महिने धरतो, आणि त्या काळात ठरवलेली मर्यादा तीनदा मोडली तर ध्येय पूर्ण बंदचे होईल, असे आधीच मान्य करून घेतो. हा तीनचा आकडा माझ्या अनुभवातला आहे, शास्त्रातला नव्हे. परंतु असा काही आकडा शुद्धीत असताना लिहून ठेवला नाही, तर प्रत्येक मोडलेल्या मर्यादेला त्या दिवसापुरते कारण सापडते.

पूर्ण बंदचे ध्येय असेल तर कागदावर वर्षातले अवघड दिवस आधीच मांडावेत: शिमगा, चतुर्थीला येणारे मुंबईकर चाकरमानी आणि त्यांच्या पिशवीतली बाटली, लग्नाच्या आदल्या रात्री, काजूचा हंगाम. राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला, दारूचा मान देण्याची रीत ज्या घरात आहे, तिथे दारू सोडलेल्या माणसाला खरोखर पेच पडतो आणि त्याची थट्टा करू नये. तो मान घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातून द्यावा, उरलेली बाटली घरी आणू नये, किंवा गावातल्या जाणत्यांना विचारून नुसत्या नारळावर भागवावे. अनेक वाड्यांत हे सहज मान्य होते. एखाद्या दिवशी पिणे झालेच, तर सारे संपले असे न मानता दुसऱ्याच दिवशी उपचार करणाऱ्याला कळवावे.

पूर्ण बंद हवे, पण माणूस तयार नाही

हा प्रसंग सर्वांत जास्त वेळा येतो आणि इथेच सर्वांत जास्त माणसे हातची जातात. ‘पूर्ण सोडणार असशील तरच ये’ असे सांगून ज्याला परत पाठवले, तो पुढच्या वेळी येतो तो रक्ताची उलटी झाल्यावर. ‘नाइस’ची सूचनाही अशा व्यक्तीला उपचार नाकारू नयेत, मात्र पूर्ण बंदचा सल्ला ठामपणे देत राहावे, असेच म्हणते. कमी करणे ही तेव्हा पायरी समजावी, मुक्काम नव्हे.

या बाबतीत आपल्या शेजारी गोव्यात झालेले काम मला फार महत्त्वाचे वाटते. ‘संगाथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, नुकसानकारक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांसाठी समुपदेशनाची एक छोटी पद्धत तयार केली, जी डॉक्टर नसलेले, गावातलेच प्रशिक्षित लोक जास्तीत जास्त चार बैठकांत देत. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनंतर ज्यांचे पिणे धोक्याच्या पातळीखाली आले त्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत ३६ टक्के होते आणि न मिळालेल्यांत २६ टक्के. मागच्या दोन आठवड्यांत अजिबात न प्यायलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि १८ टक्के होते. कमी करण्याचे बोलणे नीट झाले की कित्येक जण स्वतःच थांबतात, हे या आकड्यांत मला दिसते.

औषधे आणि घरची माणसे

औषध ध्येयानुसार बदलते. डायसल्फिरामची गोळी घेतलेल्याने दारू प्यायली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो, आणि गोळी थांबवल्यानंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून ती फक्त पूर्ण बंदसाठी आणि समजून उमजून घेणाऱ्यासाठी आहे. ही गोळी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नकळत चहात, आमटीत मिसळण्याचा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. त्यामागची हतबलता मी जाणतो, तरीही हात जोडून सांगतो की तसे करू नये. हृदयविकार असलेला माणूस त्यात दगावू शकतो, आणि वाचला तर घरातल्या अन्नावरचा त्याचा विश्वास जातो. अकॅम्प्रोसेट बंद केलेली दारू बंद राहायला मदत करते. नाल्ट्रेक्सोन पिण्यातली गोडी कमी करते, त्यामुळे ते दोन्ही ध्येयांसाठी वापरता येते, मात्र यकृताची तपासणी करून, आणि अफूवर्गातली वेदनाशामके चालू नसतील तरच.

घरात मारहाण होत असेल तर ध्येयाची चर्चा दुसऱ्या क्रमांकावर जाते. बाईची आणि मुलांची सुरक्षितता आधी, आणि त्यासाठी १८१ किंवा ११२ या क्रमांकावर फोन करण्यात घराची बेअब्रू नाही.

पहिल्या भेटीसाठी रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय, अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गनगरीची शासकीय रुग्णालये किंवा जवळचे आरोग्य केंद्र गाठता येते. मानसिक आरोग्यासाठीच्या ‘टेलि-मानस’ या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ आणि नशामुक्तीचा १४४४६ हे क्रमांकही आहेत. पूर्ण बंदचे ध्येय असणाऱ्यांना दारू सोडलेल्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या सभांचा उपयोग होतो, मर्यादेचे ध्येय असणाऱ्यांना तिथे परके वाटण्याची शक्यता आहे. जाताना दोन आठवड्यांची वही, चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे आणि जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत, सोबत एक माणूस असावा, आणि ज्याच्या हाताला कंप येतो त्याने ‘डॉक्टरांसमोर वास नको’ म्हणून आदल्या रात्रीपासून अचानक बंद करून निघू नये.